बाईचा खडा आणि नागपुरातले सतरा दिवस

आयुष्यभर मी मुलांचे निबंध तपासले. स्वतः एकही लिहिला नाही. आता निवृत्तीनंतर लिहायला बसलो आहे आणि पहिलाच विषय मुतखडा आहे, याचा मला संकोच वाटतो. परंतु खरे सांगायचे तर ज्या दिवसांची मला सर्वांत अधिक ओढ लागून राहते, ते दिवस माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या मूत्रपिंडातल्या एका मोठ्या खड्याने मला दिले. तो खडा नसता तर ती आणि मी पुन्हा कधी एका छताखाली राहिलो नसतो.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाई सौंसरला मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत राहते. मी पांढुर्ण्याला एकटा असतो. लग्न केले नाही. त्यामागे सांगण्यासारखे कारण नाही. कोणी पुढाकार घेतला नाही आणि मला स्वतःहून बोलता आले नाही, इतकेच. दोन गावांमध्ये एका बसचे अंतर आहे, पण मी जात असे वर्षातून दोनदा, बुद्धपौर्णिमेला आणि दिवाळीच्या सुट्टीत, आणि तेही पाहुण्यासारखा.

बाईला पहिल्यांदा दुखले ते सहा-सात वर्षांपूर्वी, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत. आमचे आईवडील दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करत. बाई वयाच्या अकराव्या वर्षापासून वेचणीला जाते. मुलगा कारखान्यात लागल्यावरही तिने ते सोडले नाही, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी त्याच कामावर होत्या. दिवसभर कमरेला कापसाची झोळी बांधून वाकायचे, तेव्हा कंबर दुखणे तिला नवे नव्हते. पण या खेपेला दुखणे पाठीतून पोटात उतरले आणि ती वावरातच बांधावर लोळली. लघवी लाल झाली. सोबत वेचणाऱ्या बायकांनी एकमताने निदान केले: खडा.

मग गल्लीतला उपचार सुरू झाला. पानफुटीची दोन पाने मिऱ्यासोबत अनशापोटी, दुपारी कुळथाचे पाणी, आणि आंबट बंद. टोमॅटो बंद, चिंच बंद, संत्रे बंद. सौंसरसारख्या गावात, जिथे हंगामात संत्र्यांच्या पेट्या वाटेत आडव्या येतात, तिथे बाईने संत्र्याला हात लावणे सोडले. दोन महिन्यांत दुखणे पूर्ण थांबले.

इथे आम्हां सर्वांची एक चूक झाली. दुखणे थांबले म्हणजे खडा विरघळला, असे गल्लीने मानले, बाईने मानले, आणि ज्याने विज्ञान शिकवले त्या मीही मानले. एकदा पोटाचा फोटो काढून पाहावा, असे कोणाच्या मनात आले नाही. दुखतच नाही, तर फोटो कशाचा काढायचा? उलट बाईची कीर्ती झाली. तिने दारापुढे रिकाम्या डब्यांत पानफुटी लावली. शेजारच्या लोधीखेड्याहून बायका पाने न्यायला येऊ लागल्या. बाई त्यांना ओट्यावर बसवून सांगे, "घाबरू नको वं. माहा खडा तं पानी होऊन गेला."

खडा पाणी झाला नव्हता.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या सुनेचा फोन आला. सासूला ती आत्याबाई म्हणते. "मामाजी, आत्याबाईले थंडी वाजून ताप येऊन राहिला. पंधरा दिवस झाले. गोळी घेतली का उतरते, मंग पुन्हा येते. आनं दवाखान्यात चाला म्हटलं तं म्हनते, मले का झालं?"

मी गेलो. बाई खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. डोळे खोल गेले होते. मला पाहून म्हणाली, "पाहा, मास्तर आले. म्हंजे मी मरून राहिली वाटते."

"बाई, एकदा दाखवून तर घेऊ."

"तूच पाह्य ना. येवढा शिकला तं सांग मले काय झालं ते."

सोनोग्राफीला मात्र ती आली, कारण मी दुसऱ्यांदा काही बोललो नाही, फक्त दाराशी चपला घालून उभा राहिलो. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि मला आत बोलावले. उजवे मूत्रपिंड सुजलेले होते आणि त्याच्या आत, जिथे पोकळी असायला हवी तिथे, पांढरे दाट असे काही भरलेले होते. ते म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. उद्याच नागपूर."

भाच्याची पाळीची नोकरी, सुनेपाशी शाळेत जाणारी मुलगी. दोघांनी माझ्याकडे पाहिले. सून अडखळत म्हणाली, "मामाजी, तुमी रिटायर आहा..." मी लगेच हो म्हटले. इतक्या लगेच म्हटले की मलाच त्याचे आश्चर्य वाटले.

नागपूरच्या रुग्णालयात मूत्रविकारांचे जे डॉक्टर भेटले ते वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते. त्यांनी पहिलाच प्रश्न मला विचारला, "मावशींना लघवीला जळजळ होते का? वास येतो का? गढूळ असते का?"

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागलो. बाई पंख्याकडे पाहू लागली. बहीणभावांनी साठ वर्षे हा विषय एकमेकांसमोर काढला नव्हता. आमच्यामध्ये दुवा होईल अशी एखादी बाईमाणूस सोबत असती तर तिने सांभाळून घेतले असते. डॉक्टर हसले. "सर, शाळेत तुम्हीच प्रश्न विचारत असाल. एक इथेही विचारा."

"त्याले कायले विचारता, डॉक्टरसाहेब?" बाई एकदम म्हणाली. "तो तं लहानपनी सोताचं पोट दुखलं तरी सांगे नाई. मले विचारा. लघवीले जयजय होते. दोन वर्षं झाले."

दोन वर्षे! या दोन वर्षांत मी चार वेळा तिच्या घरी जेवून आलो होतो.

डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावले. मूत्रपिंडाच्या आत लहान लहान वाट्या असतात. त्यांत गाळलेले पाणी जमते आणि मधल्या पोकळीतून नळीने खाली जाते. लहान खडा नळीत शिरला आणि अडकला की माणूस लोळतो. मोठा खडा नळीत शिरूच शकत नाही. तो आत बसून वाढतो, एकेका वाटीत फांदी घालतो आणि शेवटी सांबराच्या शिंगासारखा होतो. तो दुखत नाही. "मावशी, तुमचं दुखणं थांबलं तेव्हा एक तर छोटा खडा पडला असेल आणि मोठा आत राहिला असेल, किंवा त्याने जागा धरली असेल. आता सांगता येणार नाही. पण विरघळला नव्हता."

बाईने चित्र बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता ती रडेल. ती म्हणाली, "मंग मी ज्यायले ज्यायले पानं देल्ले, त्यायचं काय?"

"त्यांनाही फोटो काढायला सांगा," डॉक्टर म्हणाले. "आधी तुमचं पाहू." मग त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. आत पू झाला होता. पाठीतून एक नळी टाकून तो आधी बाहेर काढायचा, ताप उतरू द्यायचा. त्यानंतर पाहायचे की हे मूत्रपिंड अजून काम करते का. करत असेल तर दुर्बिणीने खडा फोडून काढता येईल. नसेल, तर खड्यासकट मूत्रपिंडच काढावे लागेल. दुसरे चांगले आहे, माणूस एकावर जगतो.

"काढाचं असन तं मले आत्ताच घरी घेऊन चाल," बाई मला म्हणाली. डॉक्टर समोर असताना, जणू ते नाहीतच. "खडा काढू दे. बाकी माह्या आंगातलं काई काढू देनार नाई. एक काढलं का मंग सून म्हनन, बसा घरी. वावरात कोन जाऊ देईन मले?"

नळी टाकायला ती तयार झाली. त्यापुढचे काहीच तिने कबूल केले नाही. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, "तुम्ही समजवा." मी मान हलवली. मी कधी कोणाला समजावू शकलो आहे?

असे आमचे नागपुरातले दिवस सुरू झाले. खोलीत दोन खाटा होत्या. दुसरी बहुधा रिकामी असे. बाईच्या पाठीतून आलेली नळी खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीत उतरत होती. पहिले दोन दिवस तिच्यातून जे आले ते पाहवत नव्हते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग परिचारिकेने मला एक वही दिली: किती पाणी प्यायले, डाव्या बाजूची लघवी किती, उजवीकडच्या पिशवीत किती. ज्या विषयाचा उच्चार मला डॉक्टरांसमोर करता येत नव्हता त्याची मी दर चार तासांनी मापाच्या भांड्यातून नोंद करू लागलो. पिशवीत काही उतरले तर उजवे मूत्रपिंड जिवंत होते. मी त्या पिशवीकडे इतक्या आशेने पाहत असे की बाई म्हणाली, "काय रे, गाय दूध देते का नाई पाहून राहिला का?"

अडचण पाण्याची होती. ते तिला जातच नव्हते. "दिवसाला किती पिता?" असे परिचारिकेने विचारले तेव्हा बाई म्हणाली, "चहा पेतो ना दोन टाइम." पेला हातात दिला की दोन घोट घेऊन ती तो खिडकीत ठेवून देई.

एका दुपारी मी जरा चिडलो. "बाई, तुला तहान लागत नाही का?"

"लागत होती. मंग लागाची बंद झाली," ती म्हणाली, आणि अगदी सहज, केस विंचरत, तिने सांगितले. वावरातला माठ मालकाचा. आम्हांला त्याला हात लावायचा नसे. कोणीतरी वरून ओतायचे आणि आपण ओंजळ धरायची. एकदा ओतणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे होते आणि पाणी तिच्या बाहीतून पार कमरेपर्यंत गेले. सगळे हसले. ती तेव्हा चौदा वर्षांची. त्या दिवसापासून तिने त्या माठाचे पाणी मागितले नाही. घरून एक गडू भरून नेऊ लागली.

"मग तो गडू तर होता," मी म्हणालो.

"होता ना. तू शाळेतून ये दुपारी, आनं उभ्या उभ्या गटगट पिऊन टाके सारा." ती हसू लागली, पाठीतली नळी ओढली जाऊन कळ आली तरी हसत राहिली. "मंग मी काय पेऊ? साजरंच होतं म्हना. पेलं असतं तं जाचं कोठी? वावरात का आडोसा हाय?"

मला तो गडू आठवत होता. त्याची थंड पितळी कड ओठांना लागलेली आठवत होती. आपण कोणाचे पाणी पितो आहोत असा प्रश्न त्या वयात मला पडला नव्हता, आणि खरे तर त्यानंतरही पडला नाही. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एकटे गाठून हे सांगितले, जणू कबुलीजबाब द्यावा तसे. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "सर, पाणी कमी पिण्याने खड्याला वाव मिळतो, हे खरं. पण हा खडा जंतूंच्या संसर्गातून वाढलेला दिसतो, तो अलीकडच्या काही वर्षांतला आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गडूवर त्याचा ठपका ठेवू नका." मला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही.

पण त्या दिवसापासून मी एक केले. पेला तिच्या हातात देऊन निघून जाण्याऐवजी मीही एक भरून घेई आणि समोर बसे. ती एक घोट घेई, मी एक घेई. बोलणे चाले. माझ्यासाठी तिने आईची नक्कल केली, मी विसरलेले शेजारी जिवंत केले, मी पहिलीत असताना शाळेतून पळून कोणत्या झाडावर बसलो होतो ते सांगितले. डॉक्टरांनी संत्र्याला परवानगी दिली. आंबटाने खडा होतो ही समजूत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला होता. मी खालून संत्री आणली. बाईने एक सोलून फोड तोंडात टाकली आणि इतक्या वर्षांनी आलेली ती चव डोळे मिटून घेतली. मग म्हणाली, "हे आपल्याकडचंच हाय. नागपूरचं नुसतं नाव!" परिचारिका म्हणाली, "नाही हो मावशी, काटोलचं असेल." त्यावरून दोघींचे चांगले भांडण झाले आणि अर्धे संत्रे परिचारिकेने खाल्ले.

आता मागे वळून पाहताना कळते की मला कोणत्या गोष्टीची ओढ लागते. त्या खोलीत बाई कोणाची सासू नव्हती, कोणाची आजी नव्हती, गल्लीची वैद्य नव्हती. ती फक्त माझी बहीण होती, आणि मला तिच्यासमोर बोलण्यासाठी शब्द जुळवावे लागत नव्हते.

उजवीकडच्या पिशवीत हळूहळू स्वच्छ पाणी येऊ लागले. दहाव्या दिवशी मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी झाली. शिरेतून औषध सोडून ते प्रत्येक बाजूने किती गाळले जाते हे यंत्रावर पाहतात. संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. "निम्मंही काम नाही करत," ते म्हणाले. "पण ठेवण्याइतकं नक्की करतं. काढायचं नाही."

बाईने माझ्याकडे पाहिले. "वाच तू बी," ती म्हणाली. डॉक्टरांवर तिचा अविश्वास नव्हता, पण मी वाचावे अशी तिची इच्छा होती. मी कागद वाचला आणि मान हलवली. तेव्हा तिने शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अंगठा न उठवता आपली सही केली, जी तिला मीच शिकवली होती, आणि सही करून पेन झटकन मला परत दिले.

शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली. तिला पालथे झोपवून पाठीतल्या छिद्रातून दुर्बीण आत घातली, खडा फोडला आणि तुकडे ओढून काढले; उरलेल्या फांद्या चार दिवसांनी. दुसऱ्या खेपेनंतर डॉक्टरांनी एका पारदर्शक डबीत तुकडे आणून दाखवले. बाईने डबी उजेडाकडे धरली. "हे तं तुरीच्या दायीची चुरी हाय," ती म्हणाली. "याच्यासाठी येवढा तमाशा?" तुकडे तपासणीला गेले आणि संसर्गाचाच खडा ठरला. आत एक बारीक नळी ठेवली, ती महिन्याने काढायची होती. अशा खड्याचा कण जरी उरला तरी तो पुन्हा वाढतो, म्हणून लघवीची तपासणी, फोटो, जंतूंवर औषध आणि भरपूर पाणी हे सारे वर्षभर चालणार होते. सतराव्या दिवशी सुट्टी मिळाली.

सौंसरला गेल्यावर बाईने पहिले काम केले ते पानफुटी नेणाऱ्या बायकांना गाठण्याचे. एकेकीच्या दारात उभी राहून ती सांगे, "दुखनं थांबलं म्हंजे खडा गेला असं नाई वं. फोटो काढ. माह्यं पाह्य." आणि पदर सरकवून पाठीवरची खूण दाखवी. सुनेने मला फोनवर सांगितले, "मामाजी, आता तं साऱ्या मोहल्ल्याले पाठ दाखवून झाली." दोघींच्या फोटोत खडे निघाले, त्यांतला एक मोठा होता. तो जिचा होता ती शेजारीण रागावली की तिने उपकार मानले, हे बाईने मला सांगितले नाही.

मी तिला पांढुर्ण्याला येऊन राहण्याविषयी विचारले. पत्रात लिहावे तसे वाक्य मनात तयार करून विचारले: इथे जागा आहे, आता हे जिल्ह्याचे ठिकाण आहे, दवाखाना जवळ आहे. ती म्हणाली, "माह्यं सौंसर बी तं त्याच जिल्ह्यात हाय! आनं तुह्या घरी माह्या सोबतीनी कोन हायेत? भिंतीशी बोलू का?"

त्यामुळे उरल्या त्या तपासण्या. ती सौंसरहून बसने येई, मी पांढुर्ण्याहून गाडीने, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी आमची भेट होई. आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी. सारा दिवस रांगांत जाई; त्या रांगा मला आवडत. आदल्या दिवशी मी सदरा इस्त्री करून ठेवत असे.

शेवटची तपासणी नोव्हेंबरात झाली. फोटोत एकही कण नव्हता, लघवी स्वच्छ होती, उजवे मूत्रपिंड आधीएवढेच काम करत होते, कणभरही कमी नाही. डॉक्टर खुश होते. "वावरात जा मावशी, काही हरकत नाही. आता वर्षाने या."

"सहा महिन्यांनी एकदा आणलं तर अधिक बरं नाही का?" मी विचारले.

"गरज नाही, सर."

मला आनंद झाला होता, हे मी शपथेवर सांगू शकेन. पण त्या आनंदाच्या खाली दुसरे काहीतरी होते. बाई बरी झाली याचे मला वाईट वाटले.

आम्ही बाहेर आलो. बाई म्हणाली, "कारे भाऊ, मले दुखल्याबिगर तुले सौंसरले येता येत नाई का?"

तिची बस आली.

पुढच्याच आठवड्यात मी गेलो, कोणताही सण नसताना. सुनेने खुर्ची पुसून दिली, पाहुण्यांच्या कपात चहा दिला. बाई वेचणीला गेली होती. मी तिच्या नातीचा गृहपाठ पाहिला, वर्तमानपत्र दोनदा वाचले. दिवस मावळायला आल्यावर गल्लीच्या टोकाशी बायकांचे हसणे ऐकू आले. त्यांच्यात बाई होती, केसांत कापूस, कमरेची झोळी रिकामी, कोणाला तरी मोठ्याने चिडवत. मला पाहून ती थबकली. "अरे, तू कवा आला? सांगतलं नाई!" तिचा चेहरा उजळला होता. "बस, बस. हातपाय धुऊन येतो."

मागच्या अंगणात तिच्यासोबत दोघी-तिघी गेल्या. तिथून त्यांचे बोलणे आणि पाण्याचा आवाज येत राहिला. ती परत येईपर्यंत पांढुर्ण्याच्या शेवटच्या बसची वेळ झाली होती.